तीन लांब, एक आखूड

आर्ने गेल्याशिवाय हे महायुद्ध काही संपत नाही, असं त्याच्या बापाने, थोरवाल्ड हेगलंडने, चर्चच्या पायरीवर उभं राहून जाहीर केलं होतं. सैन्याचं मत जरा निराळं पडलं. त्यांनी आर्नेला सबंध हिवाळाभर बटाटे सोलायला बसवलं. कॅनडात, सस्कॅचवानमधल्या स्वतःच्या घरी, आईच्या हाताखाली, त्याने एक बटाटा सोलला असेल तर शपथ.

मग इंग्लंड, आणि जुलैत फ्रान्स. तिथून त्याची एकच चिठ्ठी आली: इथला गहू पिकून उभा आहे, कापायला कोणी नाही, बघवत नाही.

ऑगस्टमधल्या एका दुपारी थोरवाल्डच्या भिंतीवरचा फोन वाजला. तीन लांब, एक आखूड, ही त्याच्या घराची खूण. पण पंचक्रोशीत टेलिफोनची लाइन एकच. घंटी सगळ्यांकडे वाजायची आणि सगळेच भक्तिभावाने रिसीव्हर उचलायचे. त्यात कोणाला काही वावगं वाटत नसे. तो शेजारधर्मच होता.

स्टेशनमास्तर पेट्रीचा आवाज ओळखला आणि थोरवाल्डच्या जिवात जीव आला. वाईट तार पेट्री कधी फोनवर सांगत नसे. काळा कोट चढवून, गाडी काढून स्वतः दारात यायचा. फोन केलाय म्हणजे पोरगा जखमी असणार. फार तर पाय गेला असेल. ट्रॅक्टरच्या क्लचचं काय करायचं, हे थोरवाल्डने मनात ठरवूनही टाकलं.

पुढचं मात्र ऐकूच येईना. जितके रिसीव्हर उचललेले, तितका आवाज बारीक. पेट्री विहिरीच्या तळातून बोलत असावा. त्याच्यापेक्षा शेजारच्या गुद्रुनबाईंच्या घड्याळाची टिकटिक स्पष्ट होती.

"मंडळी, खाली ठेवा जरा," थोरवाल्ड म्हणाला. "माझ्या पोराचं आहे. मला ऐकू येत नाहीये."

खट, खट, खट. पेट्रीचा आवाज जवळ आला. पावसाने ओढ्यावरचा पूल वाहून गेला होता, म्हणून त्याला येता आलं नव्हतं. त्याची त्याने पुन्हा पुन्हा माफी मागितली. मग तार वाचली. आर्ने आघाडीवर पोचला, त्याच आठवड्यात लढाईत पडला होता.

पेट्रीने फोन ठेवला. थोरवाल्डने ठेवला नाही. खिडकीतून सिग्ने, आर्नेची आई, परसात वाकून बटाटे काढताना दिसत होती. तिने एक मोठासा उचलला, पदराला पुसावा तसा एप्रनला पुसला आणि बाजूला ठेवला.

कानात टिकटिक परत आली होती. म्हणजे रिसीव्हर केव्हाच पुन्हा उचलले गेले होते आणि आता सगळ्यांना कळलं होतं. सिग्ने सोडून. थोड्याच वेळात सांत्वनाला केक झाकून घेतलेल्या बायका वाटेला लागणार.

"गुद्रुनबाई," तो म्हणाला, "आत्ताच कोणी येऊ नका. सिग्नेला आधी मी सांगतो."

टिकटिक चालूच होती.

"आणि संध्याकाळी याल तेव्हा थोडी कॉफी आणा. आमच्याकडची संपलीये."