खिंडीतलं कुंपण

घोडे चरायला सोडून अडेल जोआकिम तंबूंपाशी आली तेव्हा चहा तयार होता. तव्यावरची जाड रोटीही. तिनं उभ्याउभ्याच अर्धी खाल्ली. चार दिवस ही शहरी वरात खिंडीपर्यंत चढवताना तिची हाडं खिळखिळी झाली होती. कातड्यांचे व्यापारी पूर्वी इथून जात. उद्या तळ्याकाठी त्यांच्या नावानं दारू प्यायची, ही पाहुण्यांची हौस. त्यांचे गठ्ठे पाठीवर वाहून मेलेले अडेलचे पूर्वज. त्यांच्या नावानं कोण पितो?

"लाकूड काय सुकं मिळालं," पाहुण्यांपैकी ग्रेग म्हणाला. "आणि हे बघ. हातानं घडवलेला खिळा. दोनशे वर्षांचा असणार. घरी नेतो."

अडेलचा घास तोंडातच राहिला.

"कुठलं लाकूड?"

"त्या झाडांमागं पडलं होतं. तूच म्हणालीस ना, पडलेलं तेवढं जाळा?"

म्हणाली होती. दर सहलीला म्हणायची. झाडांमागं तिच्या धाकट्या मावशीचं थडगं होतं, खिंड ओलांडताना वाटेतच तापानं गेलेल्या तीन वर्षांच्या पोरीचं. आजोबांनी भोवती कुंपण ठोकलं आणि रिवाजाप्रमाणं पुन्हा हात लावला नाही. पडेल ते पडू द्यायचं, मातीत जाऊ द्यायचं. आईनं निघताना तंबाखूची पुडी दिली होती, बहिणीच्या थडग्यावर वाहायला.

अडेलनं बोटं घशात घातली आणि चुलीशेजारीच ओकली.

"शी," ग्रेगची बायको म्हणाली, "जेवायच्या जागी?"

"बाई, तुम्ही थडग्याच्या कुंपणावर स्वयंपाक केलाय."

ग्रेग हसायला गेला, पण हसू फुटेना. "पाटी तरी लावायची. आम्हाला कसं कळणार?"

"खिळा दे."

"अगं, पण ही ऐतिहासिक..."

"माझ्या आजोबांचा आहे तो. दे इकडं."

त्यानं दिला. तिनं चहाचं भांडं चुलीवर उपडं केलं आणि धुरातून जळके तुकडे वेचायला लागली. हात पोळत होते.

"रात्री गारठून मरू आम्ही," मागून कुणीतरी म्हणालं.

"गोधड्या घ्या. उजाडलं की खाली उतरायचं."

"आणि तळ्यावरचा कार्यक्रम?"

ती तुकडे घेऊन झाडांमागं गेली. होते तिथं मांडले, खिळा त्यांच्यात ठेवला, पुडी उघडून मातीवर रिकामी केली. तोंडात अजून त्या रोटीची चव होती. आईला घरी सगळं सांगायचं होतं, आणि आपण खाल्लं हेही.