वजा कुठे ठेवायचं?

मी तराजू बोलतोय. लोखंडी दांडी, साखळ्यांना लटकलेली दोन पितळी पारडी आणि मधे एक काटा, एवढाच माझा संसार. मला घडवणाऱ्या कारागिराने दांडी घासून घासून सारखी केली, रिकामी पारडी अडकवली आणि काटा मधोमध थांबल्यावर म्हणाला, "शहाणा आहेस." तेव्हापासून मी स्वतःला शहाणा समजत आलो. हल्ली मात्र माझीच खात्री राहिलेली नाही.

माझं सगळं आयुष्य एका हार्डवेअरच्या दुकानात गेलं. खिळे, स्क्रू, बिजागऱ्या, साखळ्या. एका पारड्यात वजन, दुसऱ्यात माल. वजन किती ते ठाऊक, म्हणून माल किती तेही ठाऊक. मालक अबोल माणूस. गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी काटा स्थिर होईपर्यंत ते हात लावत नसत.

मग मालकांच्या मुलाने विजेवरचा काटा आणला. त्यावर आकडे चमकायचे. मालक दोन दिवस त्याच्याकडे पाठ करून बसले, पण करतात काय! माझी रवानगी पोटमाळ्यावर झाली, रंगाच्या रिकाम्या डब्यांशेजारी. पुढे मुलगा जहाजावर नोकरीला लागला. मालकीणबाई तर आधीच गेल्या होत्या. गल्ल्यावर सून बसू लागली.

पोटमाळ्यावरून खालचं सगळं ऐकू येतं. सुनेला नर्स व्हायचं होतं. दवाखान्याच्या प्रशिक्षणाला प्रवेश परीक्षा होती, तिच्यात गणित होतं, आणि वयाच्या अटीमुळे हे तिचं शेवटचं वर्ष होतं. शाळेत गणिताने तिला जे रडवलं होतं, त्यानंतर तिने त्याचं तोंड पाहिलं नव्हतं. म्हणून तिची नणंद, जी शाळेत गणितच शिकवायची, रविवारी दुकानात येऊन तिला शिकवू लागली.

"समजा," नणंद म्हणाली, "वडिलांचं वय मुलीच्या वयाच्या तिप्पट आहे. दहा वर्षांनी ते दुप्पट होईल. तर मुलीचं आजचं वय किती?"

सुनेने पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाली, "वन्सं, त्या मुलीलाच विचारलं तर?"

खाली बसून खिळे निवडणारे मालक फसकन हसले. नणंद हसली नाही. मला तर सुनेचं म्हणणं अगदी पटलं. मुलगी समोर आहे, बाप समोर आहे, आणि ही माणसं 'क्ष' नावाच्या कुणा तिसऱ्यालाच शोधत बसलीत!

पुढे तर गोंधळ वाढतच गेला. "बाजू बदलली की चिन्ह बदलतं," नणंद सांगायची. "अधिकचं वजा, वजाचं अधिक."

"का पण?"

"का म्हणजे? बदलतं म्हणून बदलतं. नियमच आहे तो."

मी वर चक्रावून गेलो. माझ्या एका पारड्यातलं वजन कुणी उचलून दुसऱ्यात टाकलं, तर मी धाडकन एका बाजूला कलंडेन. मग यांचं सगळं बरोबर कसं राहतं?

एका रविवारी नणंद वैतागली. "अगं, समीकरण म्हणजे तराजू! दोन्ही बाजू समान. यात एवढं काय आहे? वहिनी, राग मानू नकोस, पण तुझं डोकं यासाठी नाही. आणि तू दोन वर्षं होस्टेलवर गेलीस तर बाबांचं काय, दुकानाचं काय, याचा विचार केलायस?"

"आधी पास तर होऊ दे तिला," मालक म्हणाले. पण त्यांचा आवाज खाली गेला होता.

नणंद गेली. सुनेने वही मिटली. मग तिने मान वर केली आणि थेट पोटमाळ्याकडे पाहिलं.

"बाबा, तो जुना तराजू आहे ना अजून?"

मला खाली काढलं, पुसलं, आढ्याच्या हुकाला टांगलं. मालकांनी एकसारख्या वजनाच्या खिळ्यांच्या चार पुड्या बांधल्या. आत किती, ते तिला सांगितलं नाही. डावीकडे तीन पुड्या आणि दोनशे ग्रॅमचं वजन, उजवीकडे एक पुडी आणि एक किलो. काटा मधोमध. मालक म्हणाले, "पुडी सोडायची नाही. आत किती ते सांग."

ही काय थट्टा? आयुष्यभर मला आधी वजन सांगायचे, आता वजन माझ्याकडूनच लपवतात!

सुनेने भीत भीत दोन्हीकडची एकेक पुडी उचलली. मी जरा झुललो आणि जागेवर आलो. तिला धीर आला. डावीकडचं दोनशेचं वजन काढलं, तशी उजवी बाजू खाली गेली. "इकडूनही दोनशे काढायला हवेत," ती पुटपुटली, "पण किलोतून दोनशे कसे काढू?"

"सुट्टे कर की," मालक म्हणाले.

तिने किलो उचलून पाचशे, दोनशे, दोनशे आणि शंभर अशी वजनं ठेवली आणि त्यातलं एक दोनशे काढलं. मी सरळ झालो. दोन पुड्या म्हणजे आठशे. "एक पुडी म्हणजे चारशे!" ती ओरडली. समोरचा चहावाला बघायला धावत आला.

आणि मी? मी तर सुरुवातीलाही सरळ होतो आणि शेवटीही! पारड्यांतून एकेक वस्तू कमी होत गेली, शेवटी दोन पुड्या आणि त्यांच्यापुरती वजनंच उरली, आणि तेव्हा म्हणे कळलं. कुणी काही भरलं की कळतं असं मी समजत होतो.

पण वजापाशी ती पुन्हा अडली. 'एका संख्येतून शंभर वजा केले तर तीनशे उरतात.' तिने डावीकडे पुडी ठेवली, उजवीकडे तीनशे. मी डावीकडे कलंडलो. "आता वजा शंभर कुठे ठेवायचे? तसलं वजन कुठे असतं?"

मलाही ठाऊक नव्हतं. तसलं वजन माझ्या पारड्यात कधी कुणी ठेवलंच नव्हतं.

मालक काउंटरपलीकडे उभे होते. त्यांना ते ठाऊक होतं, हे मला त्यांच्या तोंडावरून दिसत होतं. पण ते बोलले नाहीत. गिऱ्हाईक आलं, गेलं. त्यांनी फळीवरची कुलपं ओळीने मांडली, पुन्हा काढली, पुन्हा मांडली. सुनेने डोळे पुसले आणि माझ्यावरची पुडी उचलायला हात पुढे केला. "जाऊ दे, बाबा. वन्सं म्हणतात तेच खरं."

"थांब," मालक म्हणाले.

ते पुढे आले, डाव्या पारड्याखाली एक बोट धरलं आणि पारडं हलकेच वर उचललं. काटा मधोमध आला.

"हे तुझं वजा."

सुनेने वाकून पारड्याखाली पाहिलं.

"आता मी बोट काढणार. मग तू काय करशील?"

बोट निघालं, डावं पारडं खाली गेलं. तिने चटकन उजवीकडे शंभराचं वजन टाकलं. मी सरळ.

"अहो बाबा! म्हणजे ते वजा उडी मारून तिकडे जात नाही! इकडची उचल काढली, म्हणून तिकडे तेवढंच घालायचं!" ती हसत होती आणि रडतही होती. मालक मात्र आपल्या बोटाकडे बघत होते.

परीक्षा झाली. कशी गेली ते तिलाच सांगता येईना. निकाल लागला, ती पास झाली. ती आनंदाने ओरडली आणि मालकांकडे पाहून एकदम गप्प झाली. मालकांनी खुर्ची ओढून तिला बसवलं. "अगं, पेढे नाही तर निदान चहा तरी सांग," ते म्हणाले.

आता दुकान बंद आहे. मालक लेकीकडे राहतात. आणि मला त्या लेकीनेच, नणंदेनेच, आपल्या वर्गात आणून टांगलंय. मालकांकडून बोटाची गोष्ट ऐकल्यापासून, नियम सांगायच्या आधी ती मुलांना माझ्यापाशी उभं करते आणि त्यांचे 'का' ऐकून घेते. सून सुट्टीत येते, तेव्हा तिच्या हाताला औषधांचा वास असतो. सगळं छान चाललंय, असं सगळे म्हणतात.

पण एक गणित मला अजून सुटलेलं नाही. सून बॅग घेऊन निघाली, ती सकाळ. मालक म्हणाले, "जा, पोरी. दुकान मी बघतो." ती रस्त्याच्या वळणाआड गेली तरी ते दारातच उभे होते. माझी दोन्ही पारडी तेव्हा रिकामी होती, काटा अगदी मधोमध होता. नियमाने पाहिलं तर डावी बाजू बरोबर उजवी बाजू.

मग त्या दुकानात एवढं जड काय झालं होतं? मुलांनो, तुमच्यापैकी कुणाला हे सुटलं, तर मला येऊन सांगा.