उणे अठरा अंशांत दोरीला टांगलेलं भिंग

प्लास्टिकची उपडी बादली.

काळ्या लोकरी हातमोज्यावर काहीतरी पडलंय. चार क्षणांत ते नसेल.

कपडे वाळत घालायची दोरी.

"दोनच मिनिटं हं," असं कुणीतरी मांजरीला सांगितलेलं.

निळी पडलेली नखं.

मित्रांनो, मी एक जुनं भिंग आहे, आणि मी घाबरट आहे. आधी हे सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सोपं जाईल.

माझा जन्म फिल्मच्या कॅमेऱ्यासाठी झाला. तीस वर्षं मी लग्नं पाहिली. मग फिल्म गेली आणि मी बटणांच्या डब्यात पडलो. तिथून मला क्लावदिया प्रोखोरोव्नाने उचललं. ती औषधांच्या दुकानातून निवृत्त झालेली, रशियातल्या कोतलास गावात पाचव्या मजल्यावर एकटी राहणारी. पाव कापायच्या फळीवर तिने खिशातला साधा कॅमेरा रबराने बांधला आणि त्याच रबराने त्याच्यापुढे मला उलटा बसवला. उलटा बसलो की मला राईएवढा हिमकण ताटाएवढा दिसतो. हातमोज्यावर बर्फ झेलायचा, बाजूने विजेरी धरायची, श्वास रोखायचा. झालं.

मला श्वासाची भीती वाटे. उबेची वाटे. कठड्यापलीकडच्या पाच मजल्यांची तर फारच.

खालच्या मजल्यावरचे नाझार लुकिच जिन्यात भेटले की म्हणत, "बाई, बर्फाला फावडं लागतं, कॅमेरा नव्हे!"

"तुम्ही फावडं घ्या की. अंगणात ढीग पडलाय."

"माझी कंबर!"

"जीभ बरी आहे ना?"

त्या दिवशी दुपारी तीनला बर्फ भुरभुरला. मांजरीला दोन मिनिटं थांबायला सांगून ती घरातल्या झग्यावर, सपाता घालून बाल्कनीत आली आणि उपड्या बादलीवर फळी ठेवली. आतली ऊब बाहेर आली तर हिमकण वितळतात, माझ्यावर वाफ धरते. म्हणून तिने दार ओढून घेतलं. माझ्यासाठी, मित्रांनो.

त्या धक्क्याने आतली कडी पडली.

तिने दार ढकललं. पुन्हा ढकललं. दुहेरी काचेवर कोपर मारलं, कोपरच दुखावलं. फोन स्वयंपाकघरात. ती ओरडली, पण आमच्याकडे थंडी पडण्याआधीच सगळे खिडक्यांच्या फटींत कापूस कोंबून वर कागद चिकटवतात. कुणाला ऐकू जाणार? अंगणात चिटपाखरू नव्हतं. विजेरी गारठून विझली.

वीस मिनिटं. तिची बोटं माझ्याशेजारी होती. ती थरथरायची थांबली, तेव्हा मी खरा घाबरलो.

तिने कपड्यांची दोरी सोडवली. टोकाला सपात बांधून खाली सोडली. वाऱ्याने ती भलतीकडेच उडवली. मग हातमोजा. तो खालच्या मजल्यावरच्या काचेला लागला, पण आवाज नाही.

मग तिने माझ्याकडे पाहिलं.

"माफ कर रे," ती म्हणाली, आणि रबर दातांनी तोडून मला दोरीला बांधलं.

खाली. आणखी खाली. आकाश, भिंत, आकाश. ठक्. ठक्! तिसऱ्या ठोक्याला माझ्या कडेचा टवका उडाला. खिडकीची वरची लहान झडप उघडली आणि लाल नाक बाहेर आलं.

"कोण तो हलकट? क्लावदिया प्रोखोरोव्ना! काच फोडता की काय माझी?"

"दार... कडी..." एवढंच वरून आलं.

नाक गायब झालं. उन्हाळ्यात ती गावाबाहेरच्या बागेत राहायला जाई, तेव्हा इथल्या कुंड्यांना पाणी नाझार लुकिचच घालत. म्हणून तिची किल्ली त्यांच्याकडे होती. कंबर धरून ते धापा टाकत वर आले, कडी काढली. तोवर तिने मला वर ओढलं होतं. तिने पहिल्यांदा मलाच पुढे केलं.

"उंबऱ्यावरून देऊ नका! भांडण होतं."

"आपलं... रोजच होतं."

"आधी तुम्ही आत या, वेडाबाई!" त्यांनी तिला दंडाला धरून आत ओढलं. तिचे दात वाजत होते, तरी ती म्हणाली, "पिशवीत! त्याला आधी पिशवीत घाला, वाफ धरेल!"

"घालतो, माझे आई. चहा ठेवू, की तोही पिशवीतच?"

तिच्या डाव्या पायाची दोन बोटं डॉक्टरांना वाचवता आली नाहीत. बाकी ती सगळी आहे. माझ्या फोटोंचा एक कोपरा आता धुरकट येतो, आणि ती तो कापत नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, हे मी सांगणारच होतो. पण त्याआधी दाराच्या फटीत काहीतरी अडकवून मगच बाहेर जा. आणि एक किल्ली शेजाऱ्याकडे ठेवा, तो कितीही टोमणे मारो.

ज्या महिन्यात मी घडलो, त्या महिन्यात कारखान्यातलं ॲल्युमिनियम संपलं होतं. म्हणून माझं कवच हलकं नाही, जड पितळेचं आहे.