डाव्या कोपऱ्यातली फळी

मी एक फळी बोलतेय, क्लीव्हलंडच्या इनडोअर फुटबॉलच्या मैदानातली. हिवाळ्यात आमच्याकडे आइस हॉकीच्या बर्फावरच हिरवा गालिचा अंथरतात आणि भोवताली आम्ही फळ्या उभ्या राहतो. चेंडू आमच्यावर आपटून परत येतो आणि खेळ चालूच राहतो. मी डाव्या कोपऱ्यात होते.

ल्युबो आणि वासो युगोस्लाव्हियातून एकाच विमानाने आले. एका गावचे, एका खोलीत राहणारे. इतर खेळाडू आम्हाला अडथळा समजत. या दोघांनी मला संघात घेतलं. ल्युबो माझ्यावर चेंडू मारायचा आणि वासो "लेवो!" ओरडत सुटायचा. लेवो म्हणजे त्यांच्या भाषेत डावीकडे. चेंडू माझ्यावर आपटून नेमका त्याच्या पायात जायचा.

"हळू मार की, रेड्या! फळी रडतेय बिचारी," वासो चिडवायचा.

"तुझा खेळ बघून रडतेय ती," ल्युबो म्हणायचा.

एका सामन्यात ल्युबोचा पास जरा लांब गेला. वासो जिवाच्या आकांताने धावला, त्याला थांबता आलं नाही आणि त्याचं कानशील माझ्या लोखंडी कडेवर आदळलं. तो हसत उठला, सामनाही पुरा खेळला. सकाळी मात्र ल्युबोने हलवून हलवून जागं केलं तरी तो उठला नाही.

त्यानंतर ल्युबोने माझ्यावर मारलेला चेंडू भलतीकडेच जाऊ लागला. जिथे कुणी नाही तिथे जाऊन क्षणभर थांबायचा, कुणी पायाखाली दाबून धरावा तसा. लोकांना वाटायचं, गालिच्याला सुरकुती असेल. ल्युबोने मात्र तो हंगाम संपताच बूट काढून ठेवले आणि तो कोच झाला.

चांगलं नाव कमावलं त्याने. त्याची एकच अट खेळाडूंना विचित्र वाटायची. डाव्या कोपऱ्यातल्या फळीवर कुणी चेंडू मारायचा नाही.

"का पण?"

"मी सांगतोय म्हणून."

मग संघात हैतीचा विल्नेर आला. हसरा, अंगात वारं भरलेला. अंतिम सामन्यात बरोबरी असताना त्याने अट मोडली, माझ्यावर चेंडू मारला आणि गोल केला. धापा टाकत तो बाकाजवळ आला.

"कोच, ओरडू नका. पण त्या कोपऱ्यातून कोण हाका मारतंय? लेवो म्हणजे काय हो?"

ल्युबोचा चेहरा पांढराफटक पडला. "खाली बस."

"आत्ता? अहो, गोल मारलाय मी!"

तेवढ्यात एकजण लंगडत बाहेर आला आणि विल्नेर त्याच्या जागी उडी मारून आत गेला. हाक माझ्याच आतून येत होती. मला ती अडवता येईना. विल्नेर माझ्याकडे धावत सुटला. चेंडू कधीच मागे राहिला होता. त्याचे डोळे माझ्यावर होते आणि तो हसत होता.

ल्युबो कठडा ओलांडून धावला आणि त्याने विल्नेरला आडवं पाडलं, अगदी माझ्या पायाशी. पंचांनी लाल कार्ड दाखवलं, समोरच्यांना पेनल्टी मिळाली, पुन्हा बरोबरी झाली आणि शेवटी चषक गेला. लोक शिव्या देत होते.

"कोच," विल्नेर पडल्या पडल्या पुटपुटला, "तो म्हणत होता, अजून थोडं पुढे ये."

क्लबने ल्युबोला काढून टाकलं. जाण्याआधी त्याने स्वतःच्या हाताने माझे स्क्रू काढले आणि मला मागच्या गोदामात आणलं. बरोबर विल्नेर होता.

"जाळून टाकू या ना ही."

"मग तो कुठे जाईल?" ल्युबो म्हणाला. "कुणीतरी त्याच्यापाशी बसायला हवं. नाहीतर तो दुसऱ्या कुणाला बोलावणार."

आता विल्नेर कोच आहे. त्याने गोदामाची किल्ली ल्युबोला दिली. ल्युबो रोज दुपारी गरम बुरेक, त्यांच्याकडची सारण भरलेली पोळी, घेऊन येतो, मला पाठ टेकून बसतो आणि आपल्या भाषेत गावच्या गप्पा मारतो. मग माझ्या आत सगळं शांत होतं.

पण शहराकाठच्या सरोवरावरून वादळ आल्यापासून तो आलेला नाही. मागच्या वेळी फार खोकत होता. पलीकडे मैदानात मुलींचा संघ सराव करतोय, त्यांचं हसणं इथवर ऐकू येतं. माझ्या आत कुणीतरी उठून उभं राहिलंय.

त्या मुलींना कुणीतरी सांगा. चेंडू गोदामाकडे आला, तर तो आणायला एकटीने येऊ नका.