बदकफेऱ्याची काठी

मी बदकफेऱ्याची काठी बोलतेय. मूळची मी दंताळ्याचा दांडा. पोलंडमधल्या ओल्शिनेक गावात गवत ओढायचं, एवढंच माझं काम.

एका उन्हाळ्यात वॉर्सॉहून फर्मान सुटलं: सुगीच्या महोत्सवात प्रत्येक तालुक्याने आपला खास लोकनाच आणावा. त्यासाठी लुदोमिर मास्तर आले, नृत्यदिग्दर्शक, पायांत चकचकीत बूट. गावातले नाच मात्र शेजारच्या गावांसारखेच: तोच ओबेरेक आणि तीच पोल्का. मास्तरांचं तोंड उतरलं.

तेवढ्यात गेनोवेफा नावाची तरणी पोर कालवणाच्या बदकामागे धावली. गर्रकन वळली, घसरली, चिडून पाय आपटला. बदक निसटलं, मास्तरांना मात्र नाच सापडला! त्यांनी मला दंताळ्यातून उपटलं, जमिनीवर ठेका धरला आणि आठवड्यात नाच उभा केला. वर कळवलं, "बदकफेरा. पूर्वापार लग्नांत नाचतात." पूर्वजांना विचारायला कोण जाणार?

"हसा!" तालमीत मास्तर गरजायचे. "शेतकरी सदा आनंदी असतो!"

"बटाटे काढतानाही?" गेनोवेफा विचारायची.

"मंचावर बटाटे नसतात."

मग काय, पदकं आली, परदेश दौरे आले, मास्तरांचं जाडजूड पुस्तकही आलं. खोट्या वेण्या, खोटी पोवळी आणि त्याहून खोटं हसू. दर दौऱ्यात नाचाचं वय वाढे. पॅरिसला दोनशे वर्षांचा होता, टोकियोला पोचेपर्यंत पाचशेचा झाला. ठेका मी द्यायची, वाकून टाळ्या मास्तर घ्यायचे.

पुढे सरकार बदललं, नाचाचा सरकारी संच मोडला. मास्तर म्हातारे झाले आणि मी त्यांच्या चालण्याची काठी झाले.

गेल्या सुगीला ते ओल्शिनेकला गेले. चौकात बदकफेऱ्याची स्पर्धा रंगली होती. सगळ्यांपुढे नाचत होती गेनोवेफाची नात दोब्रोस्वावा. मास्तरांनी मला दाणकन आपटलं.

"थांबा! गिरकी डावीकडे!"

"आजोबा, आमच्याकडे पूर्वीपासून उजवीकडेच घेतात," दोब्रोस्वावा म्हणाली.

"कसलं पूर्वीपासून? हा नाच मी रचलाय! तुझी आजी बदकामागे धावत होती!"

चौक खो खो हसला. परीक्षक समजुतीने म्हणाले, "पाचशे वर्षांची परंपरा आहे. पुस्तकात छापलंय."

"ते पुस्तक माझंच आहे!"

"हो हो, बसा. पाणी आणू का?"

मास्तर पहिल्या बाकाकडे वळले. तिथे गेनोवेफा बसली होती. "तू तरी सांग यांना!"

तिने नातीकडे पाहिलं, तिच्या लाल झालेल्या गालांकडे पाहिलं.

"माझी आजीसुद्धा नाचायची," ती शांतपणे म्हणाली. "उजवीकडेच."

मास्तर मटकन तिच्या शेजारी बसले. वाजंत्री पुन्हा सुरू झाली, तशी ती त्यांच्या कानाशी वाकली. "मास्तर, नाच फार छान रचलात हो. म्हणून तर तो रचलाय हे कुणाला पटत नाही."

त्या दिवशी मास्तर मला बाकावरच विसरले. की सोडून गेले, देव जाणे. गावाने मला संग्रहालयात काचेआड उभं केलं. पाटी आहे: 'विधीची काठी, अतिप्राचीन.' रविवारी मास्तर तिकीट काढून येतात, काचेवर हात टेकतात. रखवालदार खेकसतो, "आजोबा, हात काढा! जुनी वस्तू आहे."

तुम्ही कधी आलात, तर माझी पाटी नाही वाचलीत तरी चालेल. शेजारच्या म्हाताऱ्याला मात्र बसायला खुर्ची द्या. आमच्या दोघांत जुने तेच आहेत.