हलकी बंदूक

बंदुकीच्या दस्त्याच्या टोकाची, खांद्याला टेकणारी ती रबरी गादी अंगठ्यानं दाबली तरी दबत नव्हती — कधीकाळी मऊ असेल, आता जुन्या चपलेच्या टाचेसारखी झालेली. दिवाकरनं पुन्हा एकदा दाबून बघितली. नाहीच दबत. आणि त्याला बरं वाटलं.

काउंटरवर दोन बंदुका होत्या. दोन्ही जुन्या, दोन्ही बारा बोअरच्या, दोन्ही त्याच्या बायकोला, श्यामलाला परवडणाऱ्या. एक जड, पण आधीच्या मालकानं मुलीसाठी दस्ता आखूड करून घेतलेला. दुसरी, दिवाकरच्या हातातली, हलकी आणि लांब दस्त्याची. परवाना श्यामलाच्या नावाचा होता, पैसेही तिच्याच पगारातले. निवड मात्र त्याची, कारण तीच म्हणाली होती, तुम्ही बघा, तुम्हाला कळतं. प्रेसमध्ये तीस वर्षं छापील कागदातले दोष हुडकणाऱ्या माणसाला बंदुकीतला दोष दिसणार नाही होय?

दिसला होता. त्याला सांगितलाही गेला होता. मागच्या रविवारी नेमबाजीच्या रेंजवरून तिला शिकवणाऱ्या नवनाथ सरांचा फोन आला — साहेब, मॅडमना हलकी घेऊ देऊ नका, हलकी बंदूक सगळा धक्का माणसाला देते, जड असली की बराचसा स्वतःच पिते. आणि लांब दस्ता खांद्यात बसत नाही, दंडावर आदळतो, नवा माणूस चार रविवारांत सोडून देतो. दिवाकरनं आभार मानले होते. अगदी मनापासून. चार रविवार… म्हणजे महिनाभरच.

कारण तो आवाज त्याच्या डोक्यातून जात नव्हता. घोटीच्या वाटेवरच्या त्या माळावर तो एकदाच गेला होता, गंमत बघायला म्हणून. सत्तेचाळीस वर्षांची ही बाई, घरात भाजीवाल्याशीसुद्धा हळू बोलणारी, पाय रोवून उभी राहिली आणि पोटातून ओरडली — “पुल!” — त्या इशाऱ्यासरशी मातीची चकती हवेत सुटली, फुटली, केशरी चुरा उडाला, आणि ती हसली. दहातल्या सात फोडल्या तिनं. संसाराच्या बावीस वर्षांत असलं हसू, असला आवाज त्यानं ऐकला नव्हता. मग हिनं हा आवाज इतकी वर्षं ठेवला होता कुठं, आणि माझ्यापासून का? त्याच्या पोटात दुखलं, सरळ दुखलं. गाडी शिकतानाही ती अशीच हसायला लागली होती. तेव्हा तो रोज शेजारी बसला, एकदाही आवाज न चढवता सांगत राहिला — क्लच, आरसा, क्लच, मागचा बघ — आणि दोन आठवड्यांत तिनं मुकाट्यानं किल्ली त्याच्या हातात ठेवली. लोक त्याच्या सोशिकपणाचं कौतुक करत. तोही करत असे.

“ही घे,” तो साळसूदपणे म्हणाला. “हलकी आहे. तुला झेपेल.”

दुकानदार दिनेशशेठ चुळबुळले. “साहेब, मॅडमला खरं तर ती दुसरी…”

“हिला पाठीचा त्रास आहे. जड नको.”

श्यामलाची पाठ ठणठणीत होती. तिनं त्याच्याकडे बघितलं — नेहमीपेक्षा किंचित जास्त वेळ — आणि परवाना पर्समधून काढून काउंटरवर ठेवला.

परतताना द्वारका चौकातल्या सिग्नलला गाडी अडकली. बंदूक तिच्या मांडीवर, कापडी पिशवीत. आजूबाजूला रिक्षांचे हॉर्न चालले होते.

“नवनाथ सरांचा फोन आला होता ना तुम्हाला?” ती म्हणाली.

“कधी?”

“मागच्या रविवारी. मी त्यांच्या शेजारीच उभी होते. मीच लावायला सांगितला. म्हटलं बघू, तुम्ही सांगता का.”

सिग्नल सुटला. मागचे हॉर्न मारायला लागले, तेव्हा कुठे त्यानं गिअर टाकला. तोंडातून भलतंच निघालं. “मग घेतलीस कशाला?”

“दस्ता कापून मिळतो. गादी बदलता येते. उरला धक्का… तो बसेल तेवढा बसू दे.” ती खिडकीबाहेर बघत होती, आणि हे सगळं तिच्या घरातल्या, हळू आवाजात.

दिवाकरच्या अंगठ्याला रबराचं काळं लागलं होतं, नाशिक रोडपर्यंत तो अंगठा स्टिअरिंगवर घासत राहिला. त्यानं चार रविवार डोळ्यांसमोर आणून बघितले. प्रत्येक रविवारी ती काळानिळा खांदा घेऊन घरी येत होती, तो कुणी केला हे दोघांनाही ठाऊक होतं, आणि तरी ती हसतच येत होती. पाचव्या रविवारीही. सहाव्याही. आता हिच्याकडून काढून घ्यायला काय उरलं?

तिनं ओरडावं माझ्यावर, त्याला वाटलं. एकदाच. त्या माळावरच्या आवाजात, पोटातून… शेजारी ती पिशवीची चेन सावकाश लावत होती. तो आवाज ती त्याच्यावर खर्च करणार नव्हती.