स्लॅबवरचे वाफे

"माझे बांध कोनी फोडले रं?" स्लॅबवरून जिजाचा आवाज आला आणि खाली मितेशने चहाचा कप बाजूला ठेवला.

नव्या घराचा स्लॅब टाकून सात दिवस झाले होते. जिजाने त्यावर मातीचे बांध घालून भातखाचरासारखे वाफे केले होते आणि सकाळ-संध्याकाळ ती ते पाण्याने भरत होती. आता बांध फुटले होते, पाणी वाहून गेलं होतं आणि एप्रिलच्या उन्हात स्लॅब पांढरा पडू लागला होता.

"मीच फोडले, आई," मितेश शिडीवरून वर येत म्हणाला. "किती दिवस भिजत ठेवणार? वाळल्याशिवाय घट्ट कसा होईल? शनिवारी स्लॅबखालचे टेकू काढायचेत. रविवारी रीमाचं डोहाळजेवण इथेच हॉलमध्ये आहे, सगळ्यांना मेसेज पण गेलेत."

लेकाच्या शहाणपणाचं जिजाला आधी हसूच आलं. गोखिवऱ्याच्या बांधकामांवर तिने बावीस वर्षं पाणी मारलं होतं. दुसऱ्यांची शेकडो छपरं भिजवणारी ही बाई स्वतः मात्र पत्र्याखाली म्हातारी झाली. त्याचं तिला फारसं दुःख नव्हतं; पण हा स्लॅब तिचा होता. तो कच्चा राहिला असता तर तिला जन्मभर झोप लागली नसती.

"वालून घट्ट होतो तो चिखल," ती म्हणाली. "शिमिट पानी पितं. आतून त्याला बारीक मुळ्या फुटतात, आनि दाना दान्याला धरून बसतो. आमच्या सायबानं मशिनीत दोन ठोकळे दाबून दाखवलेले. माल एकाच घमेल्यातला. भिजवलेला दम धरून राहिला, कोरडा आधीच फुटला. पानी तोडलंस तर ह्यो उपाशी राहील."

"पण लोक येणार त्यांचं काय?"

"येऊ देत की. एकवीस दिवस टेकू हलनार नाय."

मितेश गाल फुगवून खाली गेला. त्याची बायको रीमाच मधे पडली. "एवढं काय त्यात? टेकूंना झेंडूच्या माळा गुंडाळू. मस्त दिसेल!"

आणि खरंच, रविवारी त्या टेकूंच्या गर्दीत डोहाळजेवण झालं. बायका टेकूंना धडकत होत्या आणि हसत होत्या. सुनेची ओटी भरून झाली तशी जिजा पदर खोचून वर गेली, वाफे भरून आली आणि मगच जेवायला बसली. जेवण तिला फार गोड लागलं.

बाविसाव्या दिवशी टेकू काढायला सेंट्रिंगवाले आले. शेवटचे दोन टेकू राहिले तेव्हा जिजा हॉलच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

"मावशी, बाहेर व्हा!" मुकादम ओरडला.

"ठोक तू. रीमा, तू तिथंच थांब गं, पोटुशी बाई."

मितेश दारात घुटमळला. मग आत आला आणि आईशेजारी उभा राहिला.

शेवटचा टेकू निघाला; स्लॅब जागचा हलला नाही. वरून चिमूटभर वाळू जिजाच्या पांढऱ्या केसांत पडली. तिने ती झटकली नाही.